तासगावचा बेदाणा आणि आमचा वाघ्या

मार्च महिन्यात सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीपाशी जागा मिळाली, तर ती सोडू नये. माधवनगर, बुधगाव, कवलापूर मागे पडते. दसऱ्याच्या शोभेच्या दारूसाठी नावाजलेले कवठे एकंद येते. तोवर उसाचे फड विरळ होतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव लागतात. मांडवांच्या पलीकडे माळावर हिरव्या जाळीचे लांबच लांब आडोसे उभे दिसतात. नवख्या माणसाला वाटावे, रोपवाटिका असतील. त्या रोपवाटिका नव्हेत, बेदाण्याची शेडे आहेत. आपल्या घरी शिऱ्यात, खिरीत, श्रीखंडात जो बेदाणा पडतो, त्यातला बराचसा या माळावरून येतो.

मी कोरेगाव तालुक्यातला शेतकरी. आमच्याकडे घेवडा, हळद, आले. यंदा हळदीची पोती घेऊन सांगलीच्या बाजारात गेलो होतो. पट्टी हातात पडली आणि गावाकडे परतण्याऐवजी तासगावची एस.टी. धरली. माझी थोरली बहीण तिकडे दिली आहे. अक्काकडे जायला निमित्त लागत नाही. पण या वेळी जाताना पाय जड झाले होते. तिला एक गोष्ट सांगायची होती आणि ती कशी सांगावी ते ठरत नव्हते.

तासगावात उतरलो की मी आधी गणपतीला जातो. तासगाव हे पटवर्धन सरदारांचे गाव. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे देऊळ बांधले. दक्षिणेतल्या देवळांना असते तसे सात मजली गोपूर याला आहे, ते लांबून दिसते. मूर्ती उजव्या सोंडेची. ऋषिपंचमीला रथ निघतो, तेव्हा पंचक्रोशी लोटते. या गणपतीचे नाव द्राक्षालाही मिळाले आहे. थॉम्पसन या बिनबियांच्या जातीतून इथल्या बागायतदारांनी एक वाण निवडला, त्याला तास-ए-गणेश म्हणतात. तशीच सोनाका ही जात सोलापूरजवळच्या नान्नजची. पुस्तके लिहिणाऱ्यांच्या आधी शेतकऱ्यांच्या डोळ्यांनी हे वाण हेरले, याचा मला शेतकरी म्हणून अभिमान वाटतो.

अक्काची वस्ती गावापासून आत, माळावर आहे. इकडे पाऊस कमी. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी दाजी अजून काढतात. पण जी कोरडी हवा माणसाचे ओठ फोडते, तीच बेदाण्याला मानवते. गेलो तेव्हा शेडवर काम ऐन भरात होते. चांगली गोडी भरलेली द्राक्षे तोडून आणली होती. बायका क्रेटमधले घड डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवत होत्या. त्याने सालीवरची मेणासारखी लव निघते आणि द्राक्ष लवकर सुकते. मग ते घड एकावर एक बांधलेल्या जाळीच्या रॅकवर पसरायचे. सावलीत, वाऱ्यावर, बारा-पंधरा दिवसांत द्राक्षाचा बेदाणा होतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. मधेच अवकाळी पाऊस झाला तर वर्षाची मेहनत काळी पडते. म्हणून इथला माणूस मार्चात जेवताना एक डोळा आभाळाकडे ठेवून असतो.

सुकलेला माल झोडून खाली पाडतात, काड्या वेगळ्या करतात, धुतात, गंधकाची धुरी देतात, रंगाने आणि आकाराने निवडतात आणि पेट्या भरून शीतगृहात ठेवतात. मग सौदा. या सगळ्या उठाठेवीत जमिनीवर बेदाणा सांडतोच. आणि शेडवर राखणीला कुत्रे असतेच.

अक्काच्या शेडवर राणी नावाची तांबूस कुत्री आहे. तिची चार पिले रॅकखाली लुडबुडत होती. त्यातले एक कान पाडून, सांडलेला बेदाणा दोन पायांत धरून चाटत होते. ते बघितले आणि माझ्या पोटात गोळा आला. मी पुढे होऊन पिलाच्या तोंडातून बेदाणा काढला. दाजी हसले, "आवं पाव्हणं, दोन बेदाण्यानं माझं दिवाळं निघत न्हाय. खाऊ द्या की!"

आता वाचकांना मागचे सांगितले पाहिजे.

आमच्या घरी वाघ्या नावाचा कुत्रा होता. कोरेगावच्या घेवड्यालाही वाघ्याच म्हणतात, त्याच्यासारखेच पट्टे अंगावर, म्हणून ते नाव. आठ वर्षे त्याने खळे राखले. दोन वर्षांपूर्वी श्रावणात घरी सत्यनारायण होता. अक्काने उन्हाळ्यात दोन किलो बेदाण्याचा डबा धाडला होता, तो शिऱ्यासाठी काढला. त्या रात्री वाघ्याला उलट्या झाल्या. शिरा जास्त झाला असेल म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. दुसऱ्या दिवशी तो गाडीखाली पडून राहिला. भाकरीला तोंड लावीना, पाणी मात्र सारखे पिई. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. चौथ्या दिवशी टेंपोत घालून तालुक्याला नेला. डॉक्टरांनी सलाईन लावले, रक्त तपासले. म्हणाले, "मूत्रपिंडं गेली आहेत. काहीतरी विषारी पोटात गेलंय. काय खाल्लं होतं?" आम्ही म्हणालो, रोजचीच भाकरी आणि पूजेचा शिरा. पाचव्या दिवशी पहाटे वाघ्या गेला.

विष हा शब्द कानात राहिला. आणि आमच्या बांधाला बांध लागून चुलत्यांचे शेत. त्याच वर्षी बांधावरून दोन शब्द झाले होते. वाघ्या त्यांच्या कोंबड्यांमागे लागतो, अशी त्यांची तक्रारही होती. मनाने हिशेब जुळवला. कोणी पाहिले नव्हते, कसला पुरावा नव्हता. पण माझ्या तोंडून नको ते निघून गेले. तेव्हापासून दोन घरांतले बोलणे बंद. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो नाही. म्हातारी चुलती विहिरीवर समोरून आली तर मान फिरवायची पाळी आली.

सव्वा वर्ष असे गेले. मग मागल्या दिवाळीत घरी फराळाचे चालले असता धाकटी मुलगी बेदाण्याच्या डब्याकडे बघून सहज बोलून गेली, "वाघ्याला हे लई आवडायचं. पूजेच्या दिवशी मी त्याला ओंजळ-ओंजळ दिलं होतं." दहा वर्षांचे लेकरू. लाडाने दिले, त्यात तिचा काय दोष? दुसऱ्याच दिवशी मी त्या डॉक्टरांकडे गेलो. ऐकून ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी बेदाणा म्हणून नावानिशी विचारायला हवं होतं. पण तुम्ही आणायलाही उशीर केला होता."

त्यांनी जे समजावले ते असे. द्राक्ष, बेदाणा, काळ्या मनुका हे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. अमेरिकेतील पशुवैद्यांनी २००१ मध्ये अशा कुत्र्यांची नोंद छापली, तोवर याचा फारसा बोलबाला नव्हता. कारण मात्र कित्येक वर्षे सापडत नव्हते. २०२१ मध्ये तिथल्याच विषतज्ज्ञांनी द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवले. माणसाला ते बाधत नाही. कुत्र्याच्या शरीराला ते नीट बाहेर टाकता येत नाही आणि मूत्रपिंडावर त्याचा घाला पडतो, असे आता मानतात. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते. म्हणून चिंचेचा कोळ आणि चिंचेची दाट आमटी कुत्र्याच्या भाकरीवर ओतू नये. बेदाणा म्हणजे आटलेले द्राक्ष. पाणी जाते, आम्ल राहते. त्यामुळे मूठभर बेदाणा हा चार मुठी द्राक्षांच्या बरोबरीचा.

हे सगळे आता दाजींना आणि अक्काला सांगायचे होते. पण डबा अक्कानेच धाडलेला. तिच्या मायेच्या डब्याने आमचा वाघ्या गेला, हे बहिणीला कसे सांगावे? रात्री जेवणे झाली, शेडवर कंदिलाऐवजी आता विजेचा दिवा असतो, त्याच्या उजेडात आम्ही बसलो आणि मी एकदाचे बोललो.

अक्का काही बोलली नाही. पदर तोंडाला लावून बसली. दाजींना मात्र ते पटेना. "तीस वरसं झाली बाग लावून. मांडवाखाली पडलेली द्राक्षं कुत्री खात्यात, कोल्ही खात्यात. शेळ्या तर येलाचा पाला ओरबाडून खात्यात. कुणाला काय झालंय?"

दाजींचे म्हणणे खोटे नव्हते. डॉक्टरांनीही मला हे सांगितले होते. एखादे कुत्रे बरेच खाऊनही बरे राहते, दुसरे थोड्यावर जाते. द्राक्षाची जात, पिकलेपण, आम्लाचे प्रमाण, कुत्र्याचे वजन, सगळेच कमीजास्त. त्यामुळे अमुक दाण्यांपर्यंत भय नाही, अशी खूणगाठ बांधता येत नाही. शेळीला पचते ते कुत्र्याला पचेलच असे नाही. आणि जे कुत्रे शेडवरून उठून ओढ्याला जाऊन मरते, त्याची नोंद कोण ठेवतो?

मी एवढे बोललो आणि अक्का म्हणाली, "आवं, राणीच्या आधीचा मोत्या आठवतोय का? शेडचा हंगाम चालला होता. वकला, निजून ऱ्हायला आणि गेला. उन्हानं गेला म्हनलं आपण."

दाजी बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मोत्या कशाने गेला ते आता कोण सांगणार? पण सकाळी उठून बघतो, तर दाजी स्वतः खराटा घेऊन रॅकखालचा सांडलेला बेदाणा गोळा करत होते. राणीची साखळी शेडच्या तोंडाशी, रॅकपासून लांब हलवलेली होती. राखण तिथूनही होते. उलट येणारा-जाणारा तिथून नीट दिसतो.

मग प्रश्न आला, जनावराला लाडाने द्यायचे तरी काय? घरात कोणी काही खात असले की कुत्रे समोर येऊन बसते आणि त्याच्या डोळ्यांत बघून आपला घास अडतो. अक्काच्या अंगणात सकाळी ताक घुसळणे चालू होते, तिथेच हा विषय निघाला. डॉक्टरांकडून मी जे समजून घेतले होते ते अक्काला सांगितले, तेच इथे देतो.

दुधाचे आधी. पिलू आईला पिते तोवर दुधातली साखर त्याला पचते. मोठे होईल तसे ते बळ पुष्कळ कुत्र्यांत कमी होते. मग वाटीभर दूध पाजले की हगवण. कुत्रीच्या दुधात ही साखर गाईच्या दुधापेक्षा कमी आणि स्निग्धांश जास्त असतो, म्हणून आईवेगळ्या पिलालाही नुसते गाईचे दूध मानवेलच असे नाही; डॉक्टरांना विचारून पाजावे. दही-ताकात विरजणाने काही साखर आंबून जाते, त्यामुळे ते पुष्कळ कुत्र्यांना सोसते. ताक द्यायचे तर बिनमिठाचे, आणि फोडणीचे मुळीच नको. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतात. भाकरीवर दोन पळ्या साधे ताक पुरे. म्हशीच्या दुधाची साय, लोणी, तूप, खवा यांचा मारा नको. एकदम तूपकट खाल्ल्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि ते पोट धरून वाकडे होते. बासुंदी, पेढा, श्रीखंड यांत साखर आणि स्निग्ध दोन्ही. वर बेदाणा असला तर तिसरे संकट. चॉकलेट घातलेले काहीही कुत्र्याला विषच. बिनसाखरेच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत आणि मिठायांत झायलिटॉल असते, ते तर फार थोडे पोटात गेले तरी घात करते.

फळांचे असे. केळ्याची एखादी-दुसरी चकती, बिया काढलेली पपई, बिया आणि साल काढलेले कलिंगड, पेरूची फोड, बिया व मधला गाभा काढलेले सफरचंद, आंब्याचा नुसता गर, हे थोडे थोडे चालते. आंब्याची कोय मात्र चघळायला टाकू नये. ती गिळली तर आतड्यात अडकते. मक्याच्या कणसाचे बुरखुंडही तसेच. सीताफळाच्या बिया वाटून उवांवर लावतात, हे घरच्या बायांना ठाऊक आहे. त्या विषारी बिया कुत्र्यासमोर पडू देऊ नयेत. आणि चालणारे फळ झाले तरी ते लाडापुरते. दिवसाच्या खाण्यातला दहावा हिस्सा, त्याहून जास्त नाही. बाकी पोट भाकरी, भात, अंडे, डाळीचे बिनफोडणीचे वरण यांनी भरावे.

आणि इतके करूनही कुत्र्याने बेदाणा किंवा द्राक्षे खाल्लीच तर? उलटीची वाट बघत बसू नये. खाल्ल्यापासून पहिल्या एक-दोन तासांत पशुवैद्याकडे नेले, तर ते औषधाने उलटी करवून पोट मोकळे करतात आणि दोन-तीन दिवस सलाईन देऊन मूत्रपिंडे वाचवू शकतात. याला उतारा म्हणून कोणते एक औषध नाही. वेळ हेच औषध. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढायची आपली जुनी रीत आहे, ती करू नये. त्या मिठानेच कुत्रे दगावू शकते. उलटी, मलूलपणा, खाणे सोडणे, पोटाला हात लावू न देणे ही पहिल्या दिवसाची लक्षणे. लघवी थांबली म्हणजे फार उशीर झालेला असतो. आमच्या हातून नेमके तेवढेच झाले. आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच, काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले, ते घरातल्या लेकरांनाही विचारून घ्यावे. रागे न भरता विचारावे, म्हणजे ते खरे सांगतात.

निघताना अक्काने नेहमीसारखा बेदाण्याचा डबा पुढे केला. मग हात मागे घेतला. म्हणाली, "नेतोस का राहू दे?" मी डबा घेतला. बेदाण्याचा काय गुन्हा? माणसांनी तो पोटभर खावा. अक्काच्या माळाचे सगळे वैभव त्या डब्यात आहे. फक्त तो डबा आता आमच्याकडे घट्ट झाकणाचा आहे आणि फडताळात वरच्या फळीवर असतो.

दुसऱ्या हातात दाजींनी ते कान पाडलेले पिलू दिले. दोन महिन्यांचे, आईचे दूध सुटलेले. त्यांच्या ओळखीच्या टेंपोतून कऱ्हाडपर्यंत आलो. उघड्या टेंपोत वाऱ्याने पिलू कुडकुडू लागले, तेव्हा हळदीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून त्याला मांडीवर घेतले. घरी उतरवले तेव्हा ते हळदीने पिवळे झाले होते. लेकीने तेच नाव ठेवले, सोन्या.

एक काम राहिले होते. सोन्याला काखेत घेऊन मी चुलत्यांच्या दारात गेलो. सव्वा वर्ष झाले होते, बोलणे बंद होऊन आणखी चार-पाच महिने उलटले होते. उंबऱ्याशी उभा राहून जे झाले ते सगळे सांगितले आणि माफी मागितली. चुलते ऐकत होते, काही बोलले नाहीत. गड्याला हाक मारून त्यांनी म्हशी सोडायला सांगितल्या आणि गोठ्याकडे गेले. मनात म्हटले, इतक्यात कसे विरघळतील? लेकीच्या लग्नाला न आलेला पुतण्या आहे.

पण चुलती आतून आली. पिलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारले, "ह्येला ताक चालतं का रं?"

"चालतं, काकी. बिनमिठाचं, दोन पळ्या."

तिने वाटीत तेवढेच आणले. सोन्याने ते चाटून पुसून घेतले. आता रोज सकाळी तो बांध ओलांडून त्यांच्या अंगणात जातो. चुलते अजून माझ्याशी मोजकेच बोलतात. पण परवा बांधावर उभे राहून त्यांनी ओरडून सांगितले, "ह्यानं आमच्या पोराच्या हातातलं द्राक्ष हिसकलं व्हतं. काढून घेतलंय. एक बी गिळलं न्हाई, मी मोजलं."